टोपली महाग, मेतकूट स्वस्त

आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा महिनाभर नऊ माणसांनी आमचं घर तोलून धरलं. वॉर्डातल्या मावशी, व्यायाम करून घेणारी मुलगी, डबा पोचवणाऱ्या काकू, अपरात्री लिफ्ट चालू करून देणारे वॉचमनकाका. पाकिटापेक्षा हातचं काही द्यावं म्हणून मी टोपल्या बघायला बाजारात गेले आणि पहिला गैरसमज तिथेच फिटला.

हॅम्पर म्हटलं की वेताची टोपली, कागदी गवत, वरून चकचकीत आवरण आणि फीत हवीच, असं मलाही वाटायचं. हिशेब केला तर आतल्या खाऊपेक्षा हा थाटच महाग पडत होता. (गवत हे खाऊ कमी आहे ते झाकायलाच असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.) शिवाय १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी असलेल्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या यादीत मिठाईच्या खोक्यांभोवती गुंडाळायची फिल्म आणि सजावटीचं थर्मोकोल, दोन्ही आहेत. शिवणाच्या पेटीतल्या खणाच्या तुकड्यांच्या नऊ पिशव्या झाल्या.

‘मग वर्तमानपत्रात बांध, छान दिसतं,’ असं एका मैत्रिणीने सुचवलं. दिसतं खरं. पण छपाईच्या शाईतले घातक घटक तेलकट पदार्थात उतरतात, म्हणून २०१८ च्या अन्नवेष्टनाच्या नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाई केली आहे. चिवड्याला बटर पेपर लावावा.

सगळ्यात चिवट समजूत मात्र निराळीच: घरचं आहे, आत ‘केमिकल’ नाही, म्हणजे टिकणारच. खरं तर घरच्याला जास्त जपावं लागतं. पदार्थ टिकणं हा मुख्यतः पाण्याचा प्रश्न आहे. जंतूंना आणि बुरशीला मोकळं पाणी लागतं. ते नसेल, किंवा साखरेने, मिठाने धरून ठेवलेलं असेल, तर त्यांचं काही चालत नाही. बेसनाचा लाडू तुपात खमंग भाजलेल्या पिठाचा, म्हणून पंधरा दिवस डब्यात बिनघोर राहतो. त्यावर वळायला सोपं म्हणून दुधाचा हबका मारला की दिवस मोजायला लागायचं. ओल्या नारळाच्या वड्या मी हौसेने केल्या होत्या. पाक कच्चा राहिला आणि चौथ्या दिवशी पांढरी लव आली. त्या वाटायच्या आधी दिसली हे नशीब. सुक्या खोबऱ्याच्या चटणीला बुरशीची भीती कमी, पण तेल खवट होतं, म्हणून ती थोडीच करावी.

इथेच एक धोक्याची गोष्ट. हल्ली सुबक बाटलीत लसूण घालून तेल भेट देतात. तेलात बुडवलं की टिकतं, हे लोणच्यावरून बांधलेलं अनुमान. लोणच्यात मीठ असतं, आंबटपणा असतो. कच्च्या लसणीवर नुसतं तेल ओतलं की आत हवा नसते, आम्ल नसतं, आणि मातीतून आलेल्या बोटुलिनम जंतूला हवं ते सगळं मिळतं. त्याचं विष वासाने कळत नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या एका उपाहारगृहात अशाच लसणीच्या तेलातून विषबाधा झाली होती. ही बाटली हॅम्परमध्ये नकोच.

मी मेतकूट केलं. हरभऱ्याची डाळ जास्त, तांदूळ, उडीद डाळ आणि गहू कमी, प्रत्येक जिन्नस वेगळा कोरडा भाजून. मग सुंठ, जायफळ, हळद, हिंग, थोडे मोहरी-मेथीदाणे. गार झाल्यावरच दळायचं, नाहीतर वाफ धरते. कोरड्या बरणीत महिनोन्महिने राहतं आणि किलोभरात नऊ छोट्या बाटल्या आरामात भरतात. मऊ भात, तूप, मेतकूट हे दमून घरी आलेल्या माणसाचं जेवण आहे. मावशींना फ्रीजमध्ये ठेवायच्या केकपेक्षा ते नक्की कामाचं.

‘चांगल्या स्टीलच्या डब्यात दिलं की शोभतं’, हेही अर्धसत्य. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत. म्हणजे आभार मानायला डबा दिला आणि समोरच्या बाईला रव्याचे लाडू वळायला बसवलं! जॅमच्या जुन्या काचेच्या बाटल्या उकळून, उन्हात खडखडीत वाळवून वापराव्यात. झाकणाला लोणच्याचा वास असेल तर ती बाद. तो कशानेही जात नाही.

वॉचमनकाकांना मधुमेह. ‘त्यांना गुळाचे लाडू दे, गूळ चालतो,’ असं घरातल्या तिघांनी सांगितलं. गुळातही बहुतांश साखरच असते आणि रक्तातली साखर तोही वाढवतो. त्यांच्या पिशवीत भाजलेले खारे शेंगदाणे आणि जवसाची चटणी गेली. डबेवाल्या काकू जैन, त्यांच्या चटणीत लसूण नव्हती. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवली: आत काय आहे, कधी केलं, कधीपर्यंत संपवावं, आणि खाली ठळक अक्षरात, ‘बाटली परत करू नये.’