अडथळ्यांतून वाट काढणारा मेंदू

बिळाकडे धावणाऱ्या उंदराच्या वाटेत एकाएकी आडवी भिंत आली, तर तो काय करतो? भिंतीला धडका देत तो तेथेच राहत नाही. क्षणभर थबकतो, थोडा मागे फिरतो आणि वळसा घालून बीळ गाठतो. पाठीमागे मांजर असेल, तर या क्षणावरच त्याचे प्राण अवलंबून असतात. वरवर साधी दिसणारी ही क्रिया मेंदूत कशी घडते, हे समजण्यास मात्र शास्त्रज्ञांना दीर्घकाळ परिश्रम करावे लागले.

१९३० साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात टोलमन आणि हॉन्झिक यांनी या संबंधात एक प्रयोग प्रसिद्ध केला. अन्नाकडे जाणाऱ्या तीन वाटा केलेल्या होत्या. पहिली सर्वांत आखूड, दुसरी तिच्याहून लांब आणि तिसरी सर्वांत लांब. पहिल्या दोन वाटा शेवटी एकत्र मिळत. या सामाईक भागात अडसर घातला, तेव्हा पहिल्या वाटेवरून परतलेले बहुतेक उंदीर दुसरीकडे न वळता सरळ तिसऱ्या वाटेने गेले. एक वाट बंद झाली म्हणजे दुसरीही बंद झाली, हे जणू त्यांनी ताडले होते. उंदराच्या मेंदूत परिसराचा एक प्रकारचा नकाशा असावा, असे मत टोलमन यांनी पुढे १९४८ साली मांडले.

हा नकाशा कोठे असतो? मेंदूत हिपोकॅम्पस नावाचा, समुद्रघोड्याच्या आकाराशी साम्य असलेला एक भाग आहे. १९७१ साली लंडन येथे जॉन ओकीफ आणि डोस्ट्रोव्हस्की यांना त्यात एक विलक्षण गोष्ट आढळली. उंदीर एका विशिष्ट जागी आला की एखादी विशिष्ट पेशी उद्दीपित होई. तो दुसरीकडे गेला की ती शांत होऊन दुसरी उद्दीपित होई. या झाल्या स्थानपेशी. पुढे २००५ साली नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे मे-ब्रिट मोसर, एडवर्ड मोसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिपोकॅम्पसच्या शेजारील भागात जाळीपेशी शोधून काढल्या. अशी प्रत्येक पेशी एकाच नव्हे, तर अनेक जागी उद्दीपित होते आणि त्या जागा समभुज त्रिकोणांच्या जाळीप्रमाणे जमिनीवर पसरलेल्या असतात. भिंत किंवा कडा जवळ आली की उद्दीपित होणाऱ्या सीमापेशीही २००८ साली सापडल्या. ओकीफ आणि मोसर दांपत्य यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

परंतु पेशी सापडल्या म्हणजे त्यांचे कार्य उलगडले, असे नव्हे. शेकडो पेशी एकत्र मिळून वाट कशी ठरवतात, हे नुसत्या निरीक्षणाने कळणे कठीण. म्हणून शास्त्रज्ञ संगणकाचे साहाय्य घेतात. पेशींचे वर्तन गणिती समीकरणांत मांडून ते एक काल्पनिक प्राणी निर्माण करतात आणि त्याला काल्पनिक चक्रव्यूहात सोडतात. २०२० साली एडवर्डसन, बिकान्स्की आणि बर्जेस यांनी असेच एक प्रतिरूप प्रसिद्ध केले.

त्याची रचना तीन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी जाळीपेशींची. काही पेशींची जाळी बारीक, तर काहींची विरळ असते. घड्याळाचे दोन काटे मिळून जशी नेमकी वेळ सांगतात, तशा या लहानमोठ्या जाळ्या मिळून नेमके स्थान सांगतात. सध्याचे स्थान आणि ध्येयाचे स्थान यांतील फरकावरून ध्येय कोणत्या दिशेस आहे हे काढता येते. न तुडवलेल्या भूमीतूनही सरळ मार्ग दाखवण्याचे सामर्थ्य या रीतीत आहे. पण मध्ये भिंत आहे की नाही, हे तिला ठाऊक नसते. तेथे सीमापेशींची दुसरी पायरी उपयोगी पडते. भिंत जवळ आली की प्राणी बाजूला वळतो.

तरीही भिंत खोलगट असली, तर तो तिच्या पोटात अडकतो. दिशा पुढे ढकलते, भिंत मागे लोटते. अशा वेळी तिसरी पायरी येते. पूर्वी चाललेल्या वाटांवरील स्थानपेशी एकमेकींशी जोडल्या गेलेल्या असतात. त्यांच्या क्रमाची उजळणी होऊन जवळचे एखादे मधले ठिकाण तात्पुरते ध्येय म्हणून निवडले जाते. प्राणी आधी तेथे जातो आणि तेथून पुन्हा मूळ ध्येयाकडे निघतो. अशी उजळणी केवळ कल्पनेतील नाही. ध्येयाकडे निघण्यापूर्वी खऱ्या उंदराच्या स्थानपेशी पुढील मार्गाच्या क्रमाने उद्दीपित होतात, असे फायफर आणि फॉस्टर यांनी २०१३ साली दाखवले होते. तिन्ही पायऱ्या एकत्र आल्यावर काल्पनिक प्राणी अडथळ्यांनी भरलेल्या जागांतूनही ध्येयापर्यंत पोहोचला.

यावरून खरा मेंदू नेमका असाच चालतो, हे सिद्ध होत नाही. अशा पेशींकडून हे कार्य होऊ शकते, एवढेच सिद्ध होते. खरा निर्णय जिवंत प्राण्यावरील प्रयोगांनीच व्हावयाचा. मात्र कोणता प्रयोग करावा, हे प्रतिरूप सुचवू शकते.

या संशोधनाचा मानवाशीही निकटचा संबंध आहे. जाळीपेशी ज्या भागात सापडल्या, तोच भाग अल्झायमरच्या विकारात आरंभीच क्षीण होऊ लागतो. म्हणूनच अनेक रुग्ण परिचित रस्त्यावरही वाट चुकतात. जन्मभर पायाखालची असलेली वाट एखाद्या वृद्धास अनोळखी का वाटू लागते, याचे उत्तर शोधण्याच्या कामी भिंतीला वळसा घालणाऱ्या उंदराचेही साहाय्य होत आहे.