'लागत नाही' आणि 'निघत नाही' : जुन्या गाडीच्या मध्यवर्ती कुलपातील दोषांचे निदान

चालकाचे दार किल्लीने बंद केले असता गाडीची उरलेली दारेही त्याबरोबर बंद व्हावीत, या योजनेस मध्यवर्ती कुलूप अथवा रूढ भाषेत 'सेंट्रल लॉक' म्हणतात. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० सारख्या अनेक गाड्यांत ही सोय मूळची नव्हती. मालकांनी ती मागाहून बसवून घेतली. गाडी जुनी झाली की 'लॉक बिघडले' एवढीच तक्रार कारागिराच्या कानी येते. या वाक्यावरून दोष आहे हे कळते, तो कोठे आहे हे कळत नाही. कोणते दार, कोणती क्रिया आणि कोणता आवाज, या तीन गोष्टी नेमक्या सांगितल्या तर निम्मे निदान तेथेच होते.

मागाहून बसविलेल्या या योजनेची रचना साधी आहे. प्रत्येक दारात एक लहान लॉक-मोटर असते. तिच्या दोन तारांतून बारा व्होल्टचा प्रवाह क्षणभर एका दिशेने गेला की सळई खाली सरकून कुलूप लागते. धन व ऋण टोकांची अदलाबदल झाली की सळई वर येऊन ते निघते. चालकाच्या दारातील लॉक-मोटरीस या दोहोंखेरीज आणखी तीन तारा असतात. त्या तिच्या पोटातील स्विचच्या होत. चालकाने किल्ली फिरविताच हा स्विच नियंत्रक पेटीस इशारा देतो आणि पेटीतील रिले इतर दारांस प्रवाह पुरवितात.

ही रचना ध्यानात घेतली म्हणजे लक्षणांचा अर्थ लागू लागतो. चारही दारे निश्चल असतील, तर दोष सर्वांना समाईक अशा भागात शोधावा : फ्यूज, दुबळी बॅटरी, पेटीची अर्थ-जोडणी. सर्व दारे लागतात पण निघत नाहीत, किंवा याच्या उलट घडते, तेव्हा संशय चालकाच्या दारातील स्विचवर अथवा एखाद्या रिलेवर जातो. दारे लागून लगेच पुन्हा निघत असतील, तर चालकाच्या दाराची खिट्टी जड झाल्याने स्विच मध्येच अडखळतो काय, हे पाहावे. एकच दार मूक असेल, तर दोष त्याच दाराच्या तारांत अथवा लॉक-मोटरीत असतो. आवाज येतो पण खटका हलत नाही, अशा वेळी वीज निर्दोष समजावी. सळईचा स्क्रू ढिला झालेला असतो, खिट्टी सुकलेली असते किंवा आतील दाते झिजलेले असतात.

मूक दाराच्या बाबतीत बिजागरीजवळची रबरी नळी प्रथम तपासावी. दार उघडता-मिटताना तारा तेथेच वाकतात. वरचे आवरण शाबूत असूनही आतील तांबे तुटलेले असू शकते. दार एका विशिष्ट कोनात असतानाच कुलूप चालत असेल, तर ही खूण जवळजवळ निश्चित मानावी. तेथे दोष न आढळल्यास दाराचे आतील आवरण काढून लॉक-मोटरीच्या जोडणीस मल्टिमीटर लावावा आणि दुसऱ्याकडून किल्ली फिरवून घ्यावी. बारा व्होल्टच्या आसपासचा क्षणिक दाब दिसला तर लॉक-मोटर सदोष. न दिसला तर वाट तुटलेली. किनाऱ्यावरील दमट हवेत जोडण्यांवर हिरवा कळंक चढतो. तो खरवडून काढल्याने पुष्कळदा नवा भाग घेण्याचा खर्च वाचतो. तुटलेली तार जोडताना डाख वाकणाऱ्या भागात येऊ देऊ नये, अन्यथा ती पुन्हा तेथेच तुटेल.

दोन तक्रारींचे गांभीर्य मात्र सारखे नाही. 'लागत नाही' या दोषाने चोरीचे भय उत्पन्न होते. 'निघत नाही' या दोषाने जिवावर बेतू शकते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि मुंबईच्या पाण्यात अडकलेल्या गाड्यांतून बाहेर पडता न आल्याने काही माणसे प्राणास मुकली. बाहेरील पाण्याचा दाब मुळातच दार उघडू देत नाही. त्यात कुलूपही अडले तर सुटकेची वाट उरत नाही.

म्हणून दुरुस्तीची अखेरची कसोटी विजेवाचून घ्यावयाची असते. एक काच खाली ठेवावी, मागील दारांचे 'चाइल्ड लॉक' काढून ठेवावे, सर्व खटके लावावेत आणि फ्यूज उपसावा. मग आत बसून प्रत्येक खटका हाताने उचलून दार उघडून पाहावे. एखादे दार अडले, तर किल्लीच्या एका फेऱ्यात चारही कुलपे कितीही चपळाईने लागत असली, तरी ती गाडी दुरुस्त झाली असे म्हणता येणार नाही.