नोटीस दाराला, टेकू छताला

मे संपता संपता मुंबईत दोन याद्या निघतात. एक नाल्यांतल्या गाळाची, दुसरी पडायला आलेल्या इमारतींची. पहिलीवर सगळं शहर विनोद करतं. दुसरी गिरगाव, भुलेश्वर, कामाठीपुरा, डोंगरी, माझगाव या भागांतल्या काही जिन्यांपुरतीच गंभीर असते. म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाने २०२४ साली २० इमारती अतिधोकादायक ठरवल्या. २०२५ साली हा आकडा ९६ झाला. मोडकळ एका पावसात पाचपट वाढत नाही. वाढते ती मोजणी.

यादीत नाव आलं की माणूस येतो, जिन्याच्या तोंडाशी नोटीस डकवतो, तिचा फोटो काढतो आणि जातो. त्या फोटोला पुढे फार महत्त्व येतं. इमारत पडली तर ‘आम्ही कळवलं होतं’ हे सांगायला तो कामी येतो. रहिवाशांसाठी मात्र काल रात्री घर जितकं धोक्याचं होतं तितकंच ते आज सकाळीही असतं. फक्त आता त्या धोक्यात राहणं ही त्यांची जबाबदारी झालेली असते.

हा कागद चांगलाच जुना आहे. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८चा. त्याचं कलम ३५४ आयुक्तांना अधिकार देतं की एखादं बांधकाम पडायच्या बेताला आलं असेल, आत राहणाऱ्याला किंवा जवळून जाणाऱ्याला त्यापासून धोका असेल, तर मालकाला किंवा भोगवटादाराला ते पाडायला, सावरायला किंवा दुरुस्त करायला सांगावं. राज्यातल्या इतर महापालिकांना जवळपास हेच काम १९४९च्या कायद्यातलं कलम २६४ देतं. ऐकलं नाही तर वीज-पाणी तोडता येतं, पोलीस बोलावता येतात, आणि पाडल्याचा खर्चही मालकाकडून वसूल करता येतो. इमारत रिकामी कशी करायची हे कायद्याला नीट ठाऊक आहे. रिकाम्या झालेल्या माणसांनी त्या संध्याकाळी कुठे जायचं, याबाबत मात्र तो कमालीचा मितभाषी आहे.

इमारती या थराला का येतात, याची एक गोष्ट १ सप्टेंबर १९४० पासून सुरू होते. युद्धकाळातल्या टंचाईत भाडी भडकू नयेत म्हणून त्या दिवशीच्या पातळीवर ती गोठवली गेली आणि १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने ती गोठवणूक पक्की केली. हेतू चांगला होता. गिरणगावातल्या कामगाराला, दादरच्या कारकुनाला शहरात टिकता आलं ते त्याच्यामुळेच. पण भाडं गोठलं तरी सिमेंट, लाकूड आणि गवंड्याची मजुरी गोठली नाही. महिन्याला हातात पडणाऱ्या शे-दोनशे रुपयांत गच्चीवरचं डांबरही येईना, तेव्हा मालकाने इमारतीकडे बघणंच सोडलं. भाडेकरूने पागडी मोजलेली, म्हणजे त्याच्या लेखी घर जवळजवळ त्याचंच. पण खांबाला पैसा घालायची वेळ आली की ते पुन्हा मालकाचं. १९९९च्या कायद्याने पागडीला मान्यता दिली, वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभाही दिली. शंभर रुपयांवर चार टक्के, म्हणजे चार रुपये.

मधल्या काळात सरकारने स्वतः दुरुस्ती अंगावर घेतली. बेडेकर समितीच्या अहवालानंतर १९६९ साली कायदा झाला, शहर बेटावरच्या भाडेकरू असलेल्या १९,६४२ खासगी इमारतींवर उपकर बसला आणि त्या पैशातून दुरुस्ती करणारं मंडळ उभं राहिलं. ‘उपकरप्राप्त इमारत’ हा तोंडात न मावणारा शब्द तिथून आला. सप्टेंबर १९४०च्या आधीच्या ‘अ’, १९५० पर्यंतच्या ‘ब’, त्यानंतर १९६९ पर्यंतच्या ‘क’. मंडळाच्या दुरुस्तीचं दिसणारं रूप म्हणजे टेकू: व्हरांड्यात, मोरीशेजारी, कधी थेट खाटेच्या उशाशी रोवलेले वासे. टेकू तात्पुरता असतो हे मंडळाला माहीत असतं आणि रहिवाशालाही. तरी त्यावर खिळा मारून कॅलेंडर टांगलं जातं.

शिवाय ही सोय फक्त बेटापुरती, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत. घाटकोपर, कुर्ला, भिवंडी, पुण्याच्या पेठांतले वाडे यांच्या वाट्याला नोटीस येते, मंडळ येत नाही.

घर पडतं कसं, हे इथे थोडं थांबून पाहायला हवं. जुन्या चाळी सागाच्या खांब-तुळयांच्या. त्यांची कीड बहुधा मोरीच्या कोपऱ्यात लागते, जिथे तुळईचं टोक ओल्या भिंतीत पिढ्यान्‌पिढ्या भिजतं. सिमेंट-काँक्रीटची दुखणी वेगळी. ताज्या काँक्रीटमध्ये अल्कलीपणा भरपूर असतो, तोवर आतली सळई सुरक्षित. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो, अल्कलीपणा उतरतो आणि सळई गंजू लागते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत, किंवा वाळूच खाडीची असेल तर, लवकर. गंज हा लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो. तो आतून ढकलतो, बाहेर भेग पडते, भेगेतून पाणी जातं, पुन्हा गंज. छताचे पोपडे पडतात, ‘प्लास्टर गेलंय’ म्हणून लोक ते भरून रंग देतात आणि गंजलेली सळई नव्या रंगामागे आणखी चार वर्षं निवांत गंजते. वरून गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा थरावर थर, वाढवलेली टाकी, पत्र्याची शेड. भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ तोडायला कुणाचा हात धजत नाही, हेही खरंच.

कधी गंजाची वाट पाहायचीही गरज पडत नाही. घाटकोपरची चार मजली साईदर्शन २५ जुलै २०१७ रोजी कोसळली, १७ जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होतं आणि त्यात खांबांनाच हात लावल्याचा आरोप झाला.

आता या सगळ्यावर उपाय म्हणून आलेला शब्द म्हणजे ‘स्ट्रक्चरल ऑडिट’. मुंबईच्या कायद्यात कलम ३५३-ब आलं: तीस वर्षं झालेल्या इमारतीने नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी करून घ्यायची. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत त्याहून कडक वेळापत्रक आहे, पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा. किती सोसायट्यांच्या वार्षिक सभेत हा विषय पार्किंगच्या आधी येतो, हे वाचकांनी आपापल्या सभेवरून ठरवावं.

तपासणीनंतर इमारतीला चार खणांपैकी एकात टाकलं जातं. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडा. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे लोकांना न हलवता दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. तांत्रिक वाटणाऱ्या या खणांवर कोट्यवधींची जमीन टेकलेली असते. इमारत सी-१ ठरली की भाडेकरू बाहेर पडतो, जागा मोकळी होते. सी-२ब ठरली तर तो आतच राहतो आणि दुरुस्तीचा वाद पुढे सुरू. त्यामुळे एकाच इमारतीचे दोन अहवाल निघतात. मालकाने नेमलेल्या अभियंत्याला ती आज पडेल असं दिसतं. भाडेकरूंनी नेमलेल्याला तीच इमारत डागडुजीवर आणखी दहा वर्षं चालेल असं दिसतं. हातोडी तीच, खांबही तोच. अशा वेळी प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं, तिथून बरेचदा उच्च न्यायालयात, आणि सुनावणीच्या तारखा पडत असताना पाऊस पडत राहतो. मालकाला मोडकळ हवी असते, भाडेकरूला मोडकळ नाकारायची असते. इमारत खरोखर कशी आहे हे जाणून घेण्यात दोघांनाही रस नाही, अशी परिस्थिती कायद्याने तयार केली आहे.

भाडेकरू बाहेर का पडत नाही, याचं उत्तर ‘लोकांना जिवाची पर्वा नाही’ असं देणं सोपं आहे आणि चूकही. त्याचा हक्क त्या चार भिंतींना चिकटलेला आहे अशी त्याची समजूत असते. भिंत गेली की पागडीची पावती म्हणजे नुसता कागद. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलं की पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सी-१ इमारतींसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली: पाडण्याआधी प्रत्येक भाडेकरूच्या जागेचं चटईक्षेत्र मोजून नोंदवायचं, म्हणजे उद्या कुणी नाकारू शकणार नाही. पण हक्क शिल्लक राहणं आणि घर परत मिळणं यांत एक-दोन पिढ्यांचं अंतर पडू शकतं. संक्रमण शिबिरात ‘दोन-तीन वर्षांसाठी’ गेलेल्या कुटुंबांतली मुलं तिथेच वाढली, तिथेच त्यांची लग्नं झाली, हे चाळीत सगळ्यांना माहीत असतं.

भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पडली आणि ३३ माणसं गेली. ती शंभरी ओलांडलेली होती, धोकादायक ठरलेली होती, समूह पुनर्विकासात धरलेली होती. काही कुटुंबं आधीच हललीही होती. म्हणजे नोटीस, योजना, पर्यायी जागा, तिन्ही गोष्टी कागदावर जमल्या होत्या. तरी काही घरांत त्या सकाळी माणसं होती. दोन वर्षांनी, जुलै २०१९ मध्ये डोंगरीतली केसरबाई कोसळली, तेव्हा ढिगारा उपसत असतानाच प्रश्न निघाला तो इमारत नेमकी कुणाची हा. पडलेला भाग अनधिकृत, तो आमच्या यादीतला नव्हे, असं म्हाडाकडून सांगण्यात आलं.

मालक खासगी असला की दुर्लक्ष होतं, हे गृहीतकही माझगावात खोटं ठरलं. डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत महापालिकेची स्वतःची. बांधली १९८० साली, पडली २७ सप्टेंबर २०१३ रोजी. मृत्यू ६१, त्यांत बहुतेक महापालिकेचे कर्मचारी आणि त्यांच्या घरची माणसं. जी संस्था इतरांच्या दाराला नोटीस लावते, तिच्या स्वतःच्या दाराला ती कोण लावणार, हा प्रश्न तेव्हा थोडे दिवस विचारला गेला.

आणि वय? सगळ्या यंत्रणेचा भर वयावर आहे. महाडची तारिक गार्डन ऑगस्ट २०२० मध्ये १६ जणांना घेऊन पडली तेव्हा दहा वर्षांचीही नव्हती. मुंब्र्याजवळ शिळफाट्याची लकी कंपाउंडमधली इमारत एप्रिल २०१३ मध्ये बांधकाम चालू असतानाच कोसळली. त्यात माणसं राहायलाही आली होती, ७४ जण गेले. विरारची रमाबाई अपार्टमेंट ऑगस्ट २०२५ मध्ये पडली, १७ मृत्यू, तीही बेकायदा. तीस वर्षांचं ऑडिट या इमारतींपर्यंत पोहोचलंच नसतं. भिवंडीची जिलानी इमारत कोसळल्यानंतर उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेचा निकाल फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. पण अनधिकृत इमारतीत राहणारा माणूस यादीत नाव आलं तर आधी घर जाईल म्हणून गप्प बसतो, हे गणित कुठल्याही निकालाने अजून सुटलेलं नाही.

गोव्यात हीच दुखरी नस वेगळ्या जागी आहे. पणजी-मडगावातली कौलारू पोर्तुगीजकालीन घरं भाडेकरूमुळे कमी, वारसांमुळे जास्त मोडतात. तिथल्या नागरी संहितेत सगळ्या मुलांना वाटा. तीन पिढ्यांत एका घराचे पंचवीस-तीस सहमालक होतात, निम्मे लिस्बन-लंडनकडे. नोटीस काढायची तर कुणाच्या नावे? कौलं उतरवायची सही कुणाची?

मुंबईत मालक-भाडेकरूंच्या कोंडीतून सरकारने शेवटी तिसरी वाट काढली. म्हाडा कायद्यात कलम ७९-अ आलं, त्याला २०२२च्या अखेरीस राष्ट्रपतींची संमती मिळाली. धोकादायक इमारतीच्या मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला सहा महिने. त्याने नाही दिला तर भाडेकरूंना सहा महिने. त्यांनाही जमलं नाही तर म्हाडा जागा संपादन करणार. कागदावर ही रचना चांगली आहे, दोघांच्याही हटवादीपणाला मुदत घालणारी. मंडळाच्या अभियंत्यांनी धडाक्यात ९३५ नोटिसा काढल्या. मालक न्यायालयात गेले आणि जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठरवलं की इमारत कायद्याप्रमाणे धोकादायक घोषित झालेली नसताना कार्यकारी अभियंत्यांना अशी नोटीस काढण्याचा अधिकारच नाही. त्याआधी १९८६ सालीही एक प्रयत्न झाला होता: सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर मासिक भाड्याच्या शंभरपट रकमेत इमारत संपादन करून त्यांच्या संस्थेला द्यायची. मालकांच्या संघटनेने त्याला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपर्यंत गेलं आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सगळी खासगी मालमत्ता ‘समाजाची भौतिक साधनं’ ठरत नाही असा निकाल आला. देशभर चर्चा झाली ती समाजवादाची. वाद मुळात मोडक्या चाळींवरून पेटला होता, हे बातम्यांत फारसं उरलं नाही.

इमारत खरंच पाडायची ठरते तेव्हा पालिकेची माणसं फीत घेऊन खोल्या मोजायला येतात. नोटीस घेऊन आलेल्याला ज्या दारातून पाणीही विचारलं जात नाही, तीच दारं त्या दिवशी सताड उघडी असतात. फीत भिंतीला भिडावी म्हणून कपाट सरकवलं जातं, देव्हारा उतरवला जात नाही पण त्यामागून माप घ्यायला लावलं जातं. आकडा लिहिला की घरातलं कुणीतरी तो स्वतःच्या वहीतही उतरवून घेतं, आणि मधे रोवलेल्या टेकूची जागा मापातून वजा तर नाही ना केली, हे दोनदा विचारतं.