सरकारी विमानाची उधारी आणि आपली चोपडी

मालेगावचा कापडवाला सुताचा भाव पाहायला भिवंडीला निघतो तेव्हा आदल्या रात्री तो मनाशी हिशेब करतो. फोनवर काम भागेल काय? भागत नसेल तर एकट्याने जावे की मुलालाही सोबत घ्यावे? आणि जायचेच तर रात्रीच्या गाडीने जाऊन दुसऱ्या रात्री परत फिरता येईल काय, म्हणजे मुक्कामाचा खर्च वाचेल. जेवणाचा डबा घरचा. परत आल्यावर भाडे, रिक्षा, चहापाणी मिळून जो आकडा होतो तो वहीत लिहिला जातो, आणि मालाच्या किमतीत तो बसवता आला नाही तर नफ्यातून जातो. जाणारा तोच, ठरवणारा तोच आणि पैसे देणाराही तोच. म्हणून त्याला काटकसरीचे परिपत्रक काढावे लागत नाही.

सरकारी दौऱ्यांवरील उधळपट्टीच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. दुकानात आलेल्या गिऱ्हाईकापाशी दोन शब्द चिडून बोलतो आणि पान उलटतो. हा राग खोटा नाही. जीएसटीचे विवरण एक दिवस उशिरा भरले तरी ज्याला दंड बसतो, त्याने आपल्या पैशाची चौकशी करणे स्वाभाविक आहे. परंतु नुसत्या रागाने हिशेब कळत नाही. सरकारी प्रवासाचा पैसा नेमका कोठून कोठे जातो आणि गळती कोणत्या जागी होते, हे आज आम्ही व्यापाऱ्याच्या भाषेत मांडणार आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. सरकारी प्रवास म्हणजे सगळी चैन, असे आमचे म्हणणे नाही. जिल्हाधिकाऱ्याने गावे फिरलीच पाहिजेत. पंतप्रधानांना परदेशी जावेच लागते, आणि तिथे झालेल्या करारांचा फायदा आपल्यातल्या निर्यातदारांनाही होतो. प्रश्न आहे तो हिशेबाचा.

नियम पुस्तकात नाहीत असेही नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमावलीतला २१ वा नियम सांगतो की, शहाणा माणूस स्वतःचा पैसा खर्च करताना जी दक्षता घेतो तीच अधिकाऱ्याने सरकारी पैसा खर्चताना घ्यावी. त्याच नियमात असेही आहे की भत्ता हा खर्च भागवण्यासाठी असतो, तो घेणाऱ्याच्या कमाईचे साधन होता कामा नये. याहून चांगला नियम आपल्या बाजारपेठेतल्या कोण्या बुजुर्गालाही सुचला नसता.

मग घोडे अडते कुठे? सरकारात प्रवास करणारा एक, मंजुरी देणारा दुसरा, बिल भरणारे खाते तिसरे आणि पैसा आपला. शिवाय प्रत्येक खात्याच्या अंदाजपत्रकात देशातील आणि परदेशातील प्रवासासाठी वेगवेगळी तरतूद असते. ३१ मार्चपर्यंत ती खर्च झाली नाही तर परत जाते. आपल्याकडे गल्ल्यात उरलेला रुपया ही शिल्लक. सरकारी कचेरीत तो जणू अपराध, कारण यंदा उरला तर पुढच्या साली कमी मिळेल ही भीती. वर्षअखेरीस खर्चाची घाई करणे हा आर्थिक शिस्तीचा भंग आहे, असे तीच नियमावली ६२ व्या नियमात सांगते. तरीही मार्च महिना दरवर्षी येतो आणि तसाच जातो.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. ती आहे उधारीची.

राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्या परदेश दौऱ्यांसाठी अनेक वर्षे एअर इंडियाची मोठी बोइंग ७४७-४०० विमाने वापरली जात. प्रवाशांच्या फेऱ्यांतून विमान बाजूला काढायचे, आतली मांडणी बदलायची, एक विमान राखीव ठेवायचे, दौरा संपला की पुन्हा पूर्वीसारखे करून धंद्याला लावायचे. तेवढ्या दिवसांची त्या विमानाची तिकीटविक्री बंद. हे म्हणजे लग्नाच्या सीझनमध्ये आपले एकुलते टेम्पो पाहुण्यांच्या तैनातीत देण्यासारखे आहे. भाडे वेळेवर मिळाले तर ठीक. पण ते मिळत नव्हते.

माहितीच्या अधिकारात बाहेर आलेल्या आकड्यांनुसार ३१ जानेवारी २०१८ रोजी अशा विशेष विमानांपोटी एअर इंडियाचे सरकारकडे ३२५ कोटी ८१ लाख रुपये थकले होते. त्यात परराष्ट्र मंत्रालयाकडे १७८ कोटी ५५ लाख, मंत्रिमंडळ सचिवालय व पंतप्रधान कार्यालयाकडे १२८ कोटी ८४ लाख आणि संरक्षण मंत्रालयाकडे १८ कोटी ४२ लाख. काही बिले तर दहा-दहा वर्षांची जुनी. ३० नोव्हेंबर २०१९ ला हीच थकबाकी ८२२ कोटींवर पोहोचली. याखेरीज सरकारी अधिकाऱ्यांनी उधारीवर काढलेल्या साध्या तिकिटांचे ५२६ कोटी वेगळेच. शेवटी डिसेंबर २०१९ मध्ये, ज्या सरकारी कचेऱ्यांकडे दहा लाखांहून जास्त थकले आहे त्यांना उधार तिकीट बंद, असा फलक कंपनीला लावावा लागला. आपल्या दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी पहिल्या दिवसापासून असते. कंपनीला ती लावायला बुडण्याची वेळ यावी लागली, कारण गिऱ्हाईक हेच मालक होते. मालकाकडे तगादा कोण लावणार?

दुसरी बाजूही पाहा. १३ जुलै २००९ च्या आदेशाने, सरकार भाडे देत असेल तेथे अधिकाऱ्यांनी एअर इंडियानेच जावे, असे बंधन घातले गेले. शेजारच्या कंपनीचे तिकीट निम्म्या भावात मिळत असले तरी घ्यायचे नाही. कंपनीला आधार मिळावा हा त्यामागचा हेतू. म्हणजे एका हाताने बांधील गिऱ्हाईक दिले आणि दुसऱ्या हाताने त्या गिऱ्हाइकाला बिल थकवण्याची मोकळीक दिली. यात भाव पाडून मागण्याची सवय खात्याला राहिली नाही आणि वसुलीची सवय कंपनीला लागली नाही. दोन्हीकडून दुकान बसले.

कोणी म्हणेल, सरकारचा एक खिसा दुसऱ्या खिशाला देणे लागत होता, त्यात एवढे काय बिघडले? बिघडले ते असे. पैसे आले नाहीत म्हणून कंपनीने इंधनासाठी आणि पगारासाठी बँकांकडून कर्ज काढले, आणि बँकेचे व्याज काही एका खिशातून दुसऱ्या खिशात जात नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला एअर इंडियावर ६१,५६२ कोटींचे कर्ज होते. टाटांनी १८,००० कोटींना कंपनी घेतली. त्यातले १५,३०० कोटी म्हणजे त्यांनी अंगावर घेतलेले कर्ज आणि रोख फक्त २,७०० कोटी. २७ जानेवारी २०२२ ला कंपनी त्यांच्या ताब्यात गेली. उरलेले ४६,२६२ कोटींचे कर्ज सरकारने काढलेल्या वेगळ्या कंपनीच्या नावे गेले, म्हणजे फिरून आपल्याच अंगावर. या साऱ्या तोट्याला सरकारी उधारीच कारण होती असे आम्ही म्हणणार नाही. २००७ चे विलीनीकरण, विमानखरेदी अशी मोठी कारणे होती. त्या डोंगराशेजारी तेराशे कोटींची थकबाकी लहानच दिसते. पण दिवाळे निघालेल्या कोणत्याही दुकानाची वही उघडा, पहिल्या पानांवर मोठ्या माणसांची छोटी छोटी उधारीच सापडते.

विक्री ठरलेल्या कंपनीने उधारी बंद केली. लगेच ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयाने सर्व खात्यांना कळवले की जुनी देणी ताबडतोब भागवा आणि यापुढे तिकिटे रोखीने घ्या. बारा वर्षांत जे जमले नाही ते मालक बदलणार हे ठरताच काही आठवड्यांत झाले.

मोठ्या दौऱ्याचा खर्च एका जागी का दिसत नाही, त्याचे उदाहरण जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असतानाचे घ्या. त्यांच्या १२ परदेश दौऱ्यांवर, २२ देशांच्या भेटींवर, सुमारे २०५ कोटी रुपये खर्च झाल्याचे २०१२ मध्ये माहिती अधिकारातून कळले. यातले १६९ कोटी एकट्या विमानाचे. विमानाचे पैसे संरक्षण मंत्रालयाच्या खात्यावर, तर मुक्काम आणि तिथल्या वाहनांचे परराष्ट्र मंत्रालयाच्या खात्यावर. राष्ट्रपती भवनाच्या खर्चाचे पान कोणी कितीही बारकाईने वाचले असते तरी हा आकडा त्याला दिसला नसता. दौरा एकाचा, बिल दुसऱ्याकडे, बेरीज कोणाकडेच नाही. यात दोष एका व्यक्तीचा नाही, वहीच्या मांडणीचा आहे.

असेच एक उत्तर डिसेंबर २०१८ मध्ये राज्यसभेत मिळाले. जून २०१४ पासूनच्या पंतप्रधानांच्या परदेश दौऱ्यांसंदर्भात २,०२१ कोटी खर्च झाले होते: विमानांची देखभाल १,५८३ कोटी, भाड्याची विमाने ४२९ कोटी, संपर्काची हॉटलाइन ९ कोटी. त्याआधीच्या पंतप्रधानांच्या २००९-१० ते २०१३-१४ या काळाचा आकडा १,३४६ कोटी. दोन्ही पक्षांच्या समर्थकांनी एकमेकांवर आकडे फेकले आणि विषय संपला. आम्हाला यात वेगळेच दिसते. शंभरातले ७८ रुपये देखभालीचे आहेत, म्हणजे दौरा झाला काय, न झाला काय, त्यातला बराचसा खर्च होणारच. जेवणाच्या थाळ्या मोजून उपयोग नाही; चौकशी करायची तर विमानाच्या ठेक्याची करावी.

आपल्या घरातलीही एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. हजच्या काळात सरकारतर्फे सौदी अरबस्तानात सदिच्छा शिष्टमंडळ जात असे, सरकारी खर्चाने, आणि त्यात तीसच्या घरात माणसे. राजकीय पुढारी, त्यांच्या ओळखीचे, समाजातले ‘मान्यवर’. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालावरून वर गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१२ मध्ये एवढ्या माणसांची गरजच काय, असे विचारून ही संख्या कमी करायला लावली. त्याच निकालात हज अनुदान दहा वर्षांत संपवण्याचाही आदेश होता. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने ते बंद केले. अनुदानावरून टोमणे हाजींनी ऐकले. पैसा मात्र विमान कंपनीला जात होता, आणि हाजींना स्वस्त कंपनी निवडण्याची मुभा नव्हती. अधिकाऱ्यांवर जे बंधन २००९ मध्ये आले तेच हे. फरक एवढाच की शिष्टमंडळातल्या मान्यवरांना टोमणे ऐकावे लागले नाहीत. त्या यादीत नाव लागावे म्हणून आपल्यातलेच लोक खेटे घालत होते, हेही विसरू नये.

काटकसरीची परिपत्रके अधूनमधून निघतच असतात. सप्टेंबर २००९ मध्ये परराष्ट्र खात्याच्या दोन मंत्र्यांना पंचतारांकित हॉटेलातून बाहेर पडावे लागले. २९ ऑक्टोबर २०१४ ला पहिल्या वर्गाचा विमानप्रवास बंद करून, बैठका शक्यतो पडद्यावर घ्या, असे सांगितले गेले. जून २०२१ मध्ये प्रवासासह आवरता येणारा खर्च २० टक्के कमी करण्यास सांगितले. लॉकडाऊनमध्ये पडद्यावरच्या बैठकांनी कारभार चालला होता, ते तेव्हा ताजे होते. यातले बहुतेक आदेश ‘कमी करा’ एवढेच सांगतात. १६ जून २०२२ चा आदेश आम्हाला त्यामानाने कामाचा वाटतो, कारण तो तिकीट कसे काढावे ते सांगतो. आपल्या वर्गातले सर्वांत स्वस्त तिकीट घ्या, प्रवासाच्या किमान २१ दिवस आधी काढा, एका प्रवासाला एकच तिकीट काढा, ७२ तासांच्या आत काढले तर कारण लेखी द्या. तिकिटे बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तिघांकडूनच. ‘तिघांकडूनच’ हा शब्द वाचून आम्हाला २००९ आठवतो. पण निदान कंपनी निवडायची मोकळीक आली.

खोट्या बिलांचा प्रकार याहून वेगळा आहे. दिल्लीच्या न्यायालयाने २०२२ मध्ये एका माजी राज्यसभा सदस्याला, प्रवास न करता बनावट तिकिटे आणि बोर्डिंग पास जोडून २३ लाख ७१ हजारांचा दावा लावल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा दिली. त्याच्यासोबत दोषी ठरलेल्यांत विमान कंपनीचा माजी कर्मचारीही होता. आपल्यात ट्रॅव्हल एजन्सी चालवणारे पुष्कळ आहेत. मोठ्या साहेबाच्या आग्रहाखातर वाढीव बिल फाडून देणाऱ्यांनी हे प्रकरण वाचावे.

आणि ४५ दिवसांचा नियम आठवा. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात तरतूद आणली की सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिले नाहीत तर ती रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत खर्च म्हणून धरली जाणार नाही. छोट्या कारागिराच्या दृष्टीने नियम चांगला आहे. फक्त तो करणाऱ्या दिल्लीत विमानाची बिले दहा वर्षे पडून होती.

आपल्याला करता येण्यासारखे काय? केंद्राच्या २०१२ च्या आदेशाप्रमाणे मंत्री, सहसचिव व त्यावरचे अधिकारी आणि खातेप्रमुख यांचे देशातले व परदेशातले दौरे, ठिकाण, काळ, सोबतची माणसे आणि एकूण खर्च दर तिमाहीला जाहीर करायचे आहेत. कुठे अद्ययावत नसतील तर तेवढेच विचारावे. जवळची गोष्ट म्हणजे नगरपालिकेचे ‘अभ्यास दौरे’. अर्ज दहा रुपयांचा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, म्हणून भाषण न लिहिता चार गोष्टी मागाव्यात: किती जण गेले, कोणत्या खात्यातून पैसे गेले, एजन्सीचे बिल आणि परत आल्यावर दिलेला अहवाल. उत्तर तीस दिवसांत यायला हवे, न आल्यास त्याच कचेरीत पहिले अपील करता येते. बिलाच्या प्रती दोन रुपये पानाप्रमाणे मिळतात. अहवालाची प्रत मागायला विसरू नका; बहुतेक वेळा अडचण तिथेच येते.