एका पासवर्डाच्या भरवशावर

मे 2021 मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला सुमारे 45 टक्के इंधन पुरवणारी कलोनियल पाइपलाइन सायबर हल्ल्यामुळे काही दिवस बंद पडली. हल्लेखोर आत शिरले ते वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून. त्याला फक्त पासवर्ड होता, मोबाइलवर येणाऱ्या कोडसारखी दुसरी पडताळणी नव्हती. सर्व्हरवर दुरून काम करताना पासवर्डाऐवजी एसएसएचची किल्ली वापरा, हा सल्ला म्हणूनच मोलाचा. खासगी किल्ली आपल्याच संगणकावर राहते, सर्व्हरकडे जाते ती केवळ तिने केलेली सही. वाटेत चोरण्यासारखे काही उरतच नाही.

मग एवढी किल्ली पुरेशी आहे का? नाही. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या साधनात दडवलेला चोरदरवाजा सापडला. काही लिनक्स प्रणालींत एसएसएचचा सर्व्हर आडमार्गाने त्याचीच लायब्ररी वापरत होता, आणि तिथे शिरायला मालकाच्या किल्लीची गरजच नव्हती. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो पकडला, हे आपले नशीबच. अशा वेळी वाचवते ती फायरवॉल, ठरावीक पत्त्यांखेरीज कोणालाही एसएसएचच्या पोर्ट 22 पर्यंत पोचू न देणारी. संरक्षणाचे थर हवेत ते वेगवेगळ्या कारणांनी फुटणारे. दोन पासवर्ड म्हणजे दोन थर नव्हेत. एवढ्या बंदोबस्तात आपणच बाहेर अडकू, ही भीती रास्त आहे. म्हणून होस्टिंग कंपनीच्या कन्सोलची वाट आधी तपासून घ्यावी, आणि नवे नियम लावल्यावर चालू सत्र बंद न करता दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पाहावे.