धुराला अडवणारा जिना

६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण दगावले. खाटेला खिळलेल्या रुग्णाला जिना उतरता येत नाही. पण ज्याला येतो, त्याचीही वाट बहुधा ज्वाळांआधी धूरच अडवतो. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या कमला मिल आवारातील आगीत १४ जण गेले, ते बहुतेक गुदमरून.

तापलेला धूर हलका असतो आणि उंच इमारतीतला जिना म्हणजे आयते धुराडेच. दार घट्ट लावले तरी फट राहते. मग फट बुजवत बसण्यापेक्षा तिच्यातून हवा उलट वाहू दिली तर? बाहेरची स्वच्छ हवा पंख्याने जिन्यात ढकलून तिथला दाब मजल्यावरच्या दाबापेक्षा थोडा अधिक ठेवायचा, एवढीच युक्ती.

थोडा म्हणजे किती? २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे ५० पास्कल. गवंडी पाणसळीसाठी वापरतो ती पारदर्शक नळी वर्गात यू आकारात धरा, पाणी भरा आणि एका टोकाने हळूच फुंका. दोन पातळ्यांत ५ मिलिमीटर फरक पडला की झाले ५० पास्कल! ८०० अंश सेल्सिअस तापलेला धूर दाराच्या वरच्या कडेला जेमतेम १५ ते २० पास्कल दाब देतो. उलट ५० पास्कलने फटीतून सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने वारा सुटतो. धुराची काय बिशाद!

मग दाब आणखी का वाढवू नये? दोन चौरस मीटरच्या दारावर ५० पास्कल म्हणजे १०० न्यूटन, जवळजवळ १० किलोचे वजन. दार जिन्याकडे उघडते, म्हणजे पळणाऱ्याला या दाबाविरुद्ध ढकलावे लागते. मुठीशी तरफेमुळे निम्मेच बळ पुरते, पण त्यात दार आपोआप मिटवणाऱ्या स्प्रिंगची भर पडते. दाब दुप्पट केला, तर लहान मूल आतच अडकेल.

खरी परीक्षा दार उघडल्यावर होते. बंद दाराची फट ०.०२ चौरस मीटर धरली, तर दहा दारांतून मिळून सेकंदाला सुमारे १.२ घनमीटर हवा गळते. एकच दार उघडून त्यातून सेकंदाला १ मीटर वेगाने हवा वाहती ठेवायची, तर आणखी २ घनमीटर लागते! म्हणून पंखा मोठा घेतात आणि दारे मिटल्यावर जादा हवा सोडायला झडप बसवतात. पण वारा यावा म्हणून कोणी मजल्यामजल्यावर दाराला वीट लावून ठेवली, तर कुठलाही पंखा पुरा पडणार नाही.

पंखा हवा कोठून घेतो, तेही पाहावे. तोंड धुराच्या वाटेवर असेल, तर तोच पंखा जिन्यात धूर भरेल.