तीन पिढ्यांचा मुक्काम
आपण नातवंडांसह खोपोलीजवळील इमॅजिका उद्यान पाहण्यास निघणार असाल, तर मुक्कामाची निवड केवळ भाड्यावरून करू नका. लोणावळ्यात अख्खा बंगला घेतल्यास माणशी खर्च कमी येऊ शकतो, स्वयंपाकघर असल्यास पथ्यही सांभाळता येते. परंतु मध्ये बोरघाट आहे आणि सुट्टीच्या दिवसांत तेथे वाहने खोळंबतात. दुपारी थकलेल्या आजींना विश्रांतीसाठी परत नेणे मग दुरापास्त होते. म्हणून घाटाखालची, खोपोलीच्या बाजूची घरेही पाहावीत. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विचारून घ्यावे : तळमजल्यावर शयनगृह व कमोड आहे का? इन्सुलिन ठेवण्यास फ्रिज आहे का? वाचवलेल्या चार पैशांची किंमत आजींच्या गुडघ्यांना मोजावी लागू नये.